चौथ्या पानावरची ओळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखक ४१ वर्षांचे. नाशिकच्या सिडकोत राहतात, सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, आठवड्याला पाळी बदलते. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. बालपण शरणपूरच्या जुन्या घरात गेलं. संडे स्कूल, नाताळची नाटकं, सोळाव्या वर्षी दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), सगळं रीतसर झालं. आठ वर्षांपूर्वी एका संजीवन सभेत 'आत काहीतरी तुटलं आणि नवं सुरू झालं'. तेव्हापासून ते एका फेलोशिपमध्ये जातात. तिथे पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. दर गुरुवारी स्वतःच्या घरी प्रार्थनेचा गट चालवतात.

गेलं दीड वर्ष मात्र प्रार्थनेतले शब्द सुकलेत. रात्रपाळीहून आल्यावर चार वाजता गुडघे टेकतात आणि तिथेच झोप लागते. फेलोशिपमधल्या एका तरुण पुढाऱ्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, 'भाऊ, तुम्ही अजून दुधावरच आहात,' कारण त्यांना अन्य भाषेत, म्हणजे प्रार्थनेत पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं येणाऱ्या अनोळखी भाषेत, बोलता येत नाही. त्याच आठवड्यात घरी पत्नी म्हणाली, 'लोक चपला बाहेर काढून घरात येतात, तुम्ही बायबल बाहेर काढून येता.' वाचलेले अध्याय, प्रार्थनेची मिनिटं आणि उपास यांची नोंद ते एका वहीत ठेवतात. त्यांचे प्रश्न असे: एकवीस दिवसांचा उपास धरावा का? प्रौढ होईपर्यंत गट दुसऱ्याकडे द्यावा का? जुन्या मंडळीत (चर्चमध्ये) परत जावं का? आणि मुळात विश्वासात माणूस प्रौढ केव्हा होतो?

चौथ्या पानाच्या तळाशी ताजा कलम आहे: 'आईवडील गेल्यावर शरणपूरच्या घरावरून थोरल्या भावाशी बिनसलं. तीन वर्षं बोलणं नाही. बहीण पुण्याला दिली. पण हा प्रॉपर्टीचा विषय, वेगळा आहे.'

उत्तर

प्रिय बंधू, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या पत्नीच्या वाक्याला हसले. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं नाही. मी शाळेत शिकवत होते, तेहतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. मूल जे समासात बारीक अक्षरात लिहितं ते आधी वाचायचं, ही सवय अजून जात नाही. तुमच्या पत्रात अन्य भाषेला दीड पान मिळालंय, उपासाला एक, वहीतल्या हिशेबाला अर्धं. सख्ख्या भावाला दोन ओळी आणि बहिणीला तीन शब्द. तिकडे मी येणारच आहे. पण आधी तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर देते, नाहीतर म्हणाल, ताईंनी विषयच बदलला.

दुधापासून सुरू करू. त्या तरुणानं ते वाक्य शास्त्रातूनच उचललंय, पण अर्धं उचललंय. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं की मी तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न दिलं नाही, कारण ते तुम्हाला झेपत नव्हतं. आता करिंथची मंडळी कशी होती ते बघा. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल कबूल करतो की कृपादानांत, म्हणजे आत्म्यानं दिलेल्या देणग्यांत, तुम्ही कुठेच उणे नाही. ज्ञान होतं, भविष्यवाणी होती, अन्य भाषा तर इतक्या होत्या की पुढे चौदाव्या अध्यायात त्याला शिस्तीचे नियम घालून द्यावे लागले. म्हणजे तुमच्या फेलोशिपच्या फूटपट्टीनं मोजलं तर करिंथकर पहिल्या नंबरानं पास झाले असते. आणि पौल त्यांनाच बाळं म्हणतो. का, तेही तो तिथेच सांगतो, तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात: तुमच्यात हेवा आहे आणि भांडणं आहेत म्हणून. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा. आपल्याकडे 'मी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा), मी फेलोशिपचा, ते कॅथलिक' असं चालतं, त्याच जातीचं भांडण.

अन्य भाषेचं दान खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. ज्यांना ते मिळालंय अशा दोन बायका माझ्या ओळखीच्या आहेत, दोघींबद्दल मला आदर आहे. पण 'सगळेच अन्य भाषा बोलतात काय?' हा प्रश्न पौलानंच बाराव्या अध्यायात विचारलाय आणि उत्तर नाही असंच अपेक्षित आहे. चौदाव्या अध्यायाचं विसावं वचनही काढून बघा. अन्य भाषेची चर्चा ऐन रंगात असताना तो मध्येच म्हणतो की विचारांनी लेकरं होऊ नका, समजुतीनं प्रौढ व्हा. हे वचन घेऊन त्या तरुणाशी वाद घालायला मात्र जाऊ नका. वचनाची काठी करून एकमेकांना मारणं आपल्याला फार लवकर जमतं. मनात समजून घ्या आणि सोडून द्या. तो पंचविशीचा असेल तर त्यालाही वेळ लागेल.

'प्रौढ केव्हा होतो' या तुमच्या प्रश्नातल्या 'केव्हा'पाशी मी थोडी अडखळले. तुम्हाला कारखान्याची सवय. ट्रेनी, ऑपरेटर, सुपरवायझर अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीचं पत्र हातात मिळतं. विश्वासात तसं पत्र मिळत नाही. नव्या करारात जिथे आपण 'पूर्ण' किंवा 'प्रौढ' वाचतो तिथे मूळ ग्रीकमध्ये बऱ्याचदा 'तेलेयोस' हा शब्द असतो. पूर्ण वाढ झालेला, जिथे पोचायचं तिथे पोचलेला. फिलिप्पैकरांच्या तिसऱ्या अध्यायात पौल गंमत करतो. बाराव्या वचनात म्हणतो, मी अजून पूर्ण झालेलो नाही. तीनच वचनांनंतर म्हणतो, आपल्यातले जे पूर्ण आहेत त्यांनी असाच विचार करावा. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती. 'मी पोचलो नाही' हे ज्याला नीट कळलंय त्यालाच तो पोचलेल्यांत धरतोय.

आता कोरडेपणाचं. प्रार्थनेत काही वाटत नाही, म्हणजे मी मागे घसरलो, असं तुम्ही धरून चाललाय. हे गृहीतक मला तपासून बघायचंय.

आपण नाशिकचे आहोत. 'मी खरा द्राक्षवेल' हा योहानाचा पंधरावा अध्याय आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळा ऐकवला जातो की कान बधिर होतात. पण ऐकवणारे बहुतेक जण बागेत फेब्रुवारीत जातात, घड लोंबत असताना. माझी निम्मी नोकरी निफाड तालुक्यात झाली. घरमालकांची बाग खिडकीतून दिसायची. पहिल्या वर्षी एप्रिलात मी बघितलं आणि हादरलेच. माणसं कात्र्या घेऊन आली आणि हिरवीगार बाग नुसत्या खोडा-ओलांड्यांवर आणली. काडीवर एक-दोन डोळे ठेवले, बाकी सगळं खाली. मी विचारलं, 'काका, बाग काढून टाकताय का?' ते म्हणाले, 'खरड छाटणी आहे बाई. हिचं फळ घ्यायचं नसतं.' मग फूट येते, काड्या वाढतात, उन्हाळाभर आणि पावसाळाभर बाग नुसती पानांची. फळाचं नाव नाही. पण ज्याला शेतकरी सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात ती त्याच काळात होत असते, छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत, डोळ्याच्या आत, जिथे कुणाला काही दिसत नाही. ऑक्टोबरात दुसरी छाटणी होते, गोडी छाटणी, आणि मग जे घड बाहेर येतात ते आधीच आत ठरलेले असतात. उन्हाळ्यात ज्यानं कंटाळून बागेकडे दुर्लक्ष केलं त्याला ऑक्टोबरनंतर वांझ फूट मिळते.

तुमचं हे दीड वर्ष एप्रिल छाटणीचंच आहे, अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण पानं दिसत नाहीत म्हणून वेल मेला असं ठरवू नका, एवढं मात्र नक्की सांगते. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी कुठेही 'तरी मी आनंद करीन' येत नाही. तेही शास्त्रात आहे. ज्यांनी शास्त्र एकत्र केलं त्यांना ते गाळावंसं वाटलं नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुम्हाला धीर देईल. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी उघड लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. मधल्या त्या वर्षांत त्या बसून होत्या काय? १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. आतली तहान भागलेली नव्हती तरी हात थांबले नव्हते.

एक अगदी साधी गोष्ट मात्र तुमच्या पत्रात मला ठळक दिसली, ती तुम्हाला दिसली नाही. तुम्ही रात्रपाळी करून पहाटे चारला गुडघे टेकता आणि झोप लागली की त्याला आत्मिक आळस म्हणता. बंधू, ती झोप आहे. एलीया संदेष्टा दमून झुडपाखाली पडला आणि 'आता मरण दे' म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. तेव्हा रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेची प्रार्थना पाच मिनिटांची करा, प्रभूची प्रार्थना म्हणा आणि झोपा. लांब प्रार्थना दिवसपाळीच्या आठवड्यात करा. आणि हा कोरडेपणा फक्त प्रार्थनेपुरता आहे का, हेही तपासा. जेवणात, मुलांत, कशातच मन लागत नसेल, सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल, सकाळी उठणं डोंगर वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, त्यावर फोन केला तरी चालेल. औषध घेणं हा अविश्वास आहे असं कुणी म्हणालं तर त्याच्या डोळ्यांवर चष्मा आहे का ते बघा.

वही. ती फाडू नका. शिस्त वाईट नाही, आणि ज्यांचं काही नेमानं होतच नाही त्यांच्यासाठी अशी वही बरीच उपयोगी आहे. फक्त ती काय मोजते हे ओळखा. पुन्हा द्राक्षावर येते, नाशिककरांनी सहन करावं. मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाच्या) द्रावणात बुडवतात, तुम्ही बघितलं असेल. मणी मोठा होतो, लांबट होतो, पेटीत छान दिसतो. पण साखर त्यानं येत नाही. साखर भरायला पानं लागतात, ऊन लागतं आणि दिवस लागतात. घाईनं काढलेली मोठी द्राक्षं किती आंबट असतात ते आपण सगळ्यांनी खाल्लंय. व्यापारी बागेत येतो तेव्हा आकार बघतो आणि मग एक मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर साखर मोजतो. तुमची वही आकार मोजते. साखर मोजायचं यंत्र तुमच्या घरात आहे आणि त्यानं नुकतंच रीडिंग दिलं. चपलांचं.

गलतीकरांच्या पत्रातली नऊ नावं तुम्हाला पाठ असतील: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातल्या किती गोष्टी एकट्या माणसाला बंद खोलीत करता येतील? ममता कुणावर करणार? सहनशीलता कशाची? समोर माणूस लागतोच, आणि तोही शक्यतो चिडवणारा. म्हणून गुरुवारच्या गटात दिसणारा सौम्यपणा मी फारसा जमेस धरत नाही. तिथे लोक तुम्हाला 'ब्रदर' म्हणतात, चहा-बिस्किटं आणतात. रात्रपाळीहून आल्यावर गॅस संपलेला असतो तेव्हाची सौम्यता मला सांगा. (हे मी सासू झाल्यावर जरा उशिराच शिकले. सून घरात येईपर्यंत मी स्वतःला बरीच प्रौढ समजत होते.)

आपल्या नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट यासाठीच मला फार मोलाची वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली पाच वर्षं काय झालं? आधी ताटातूट. मग नवऱ्याकडे परतल्यावरही सोवळं, पाणी वेगळं, चूल वेगळी. कुणी व्याख्यान दिलं आणि त्या बदलल्या असं झालं नाही. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, या प्रश्नाशी त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात झगडल्या आणि एकेक अट गळून पडत गेली. त्यांच्या पतीनं त्यांना घाई केली असती तर कदाचित काहीच गळलं नसतं.

उपासाचं आता लवकर सांगते. एकवीस दिवसांचा उपास पाळ्यांच्या नोकरीत, मशीनजवळ उभं राहून करू नका. चक्कर आली तर तुमच्याबरोबर दुसऱ्याचाही हात जाईल. आठवड्यातून एक वेळ जेवण सोडा, त्या जेवणाचे पैसे कुणाला तरी द्या, आणि कुणाला सांगू नका. पण उपास धरायच्या आधी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय एकदा सावकाश वाचा. तिथे देव उपास करणाऱ्यांना म्हणतो की तुमचा उपास भांडणात आणि कलहात जातोय. मग मला आवडणारा उपास कोणता, हे सांगताना भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र असं सांगत सांगत शेवटी येतो आणि म्हणतो, स्वतःच्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नका.

गट सोडू नका. पण एकट्यानं चालवूही नका. महिन्यातला एक गुरुवार दुसऱ्या कुणाला तरी द्या, शक्यतो एखाद्या बाईला, आणि त्या दिवशी तुम्ही फक्त ऐका. 'प्रौढ झाल्यावर सेवा करीन' हे मला 'पोहता आल्यावर गोदावरीत उतरीन' यासारखं वाटतं. आपण काय आहोत ते गटाला सांगा. प्रार्थनेत शब्द येत नाहीत, माझ्यासाठी कुणीतरी करा, एवढं म्हणून बघा. बहुधा आणखी दोघंतिघं मान वर करतील, त्यांचंही तसंच चाललेलं असेल.

मंडळी बदलावी का? दीड वर्षाच्या कोरडेपणात असे निर्णय घेऊ नयेत. हवं तर महिन्यातून एकदा जुन्या मंडळीतल्या प्रभुभोजनाला जा. पुढाऱ्यानं चारचौघांत अपमान केला, याचं दुःख असेल तर त्याच्याशी एकट्यानं बोला, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं. तो ऐकत नसेल आणि त्या फेलोशिपमध्ये माणसांना लाजवून वाढवायची रीतच असेल, तर सोडायला हरकत नाही, पण आदळआपट न करता.

आता चौथं पान.

'हा प्रॉपर्टीचा विषय, वेगळा आहे.' तो वेगळा नाही, हे तुम्हालाही माहीत आहे, नाहीतर तुम्ही तो लिहिलाच नसता. 'तेलेयोस' हा शब्द येशूच्या तोंडी कुठे येतो, आठवतं? मत्तयाच्या पाचव्या अध्यायाच्या अगदी शेवटी: तुमचा स्वर्गातला पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा. आणि त्याच्या लगेच आधी काय चाललंय? वैऱ्यांवर प्रीती करा, जे तुम्हाला सलाम करतात त्यांनाच सलाम केला तर त्यात विशेष काय केलं? त्याच अध्यायात आधी, अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं काही तुझ्याविरुद्ध आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. अर्पण टाकून आलास तरी चालेल असं म्हणत नाही, तिथेच ठेव म्हणतो. परत यायचंय.

समेट म्हणजे तुमचा वाटा सोडून देणं, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे क्षमा आणि कोऱ्या कागदावर सही यांची फार गल्लत होते, आणि तिचा फायदा नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याला होतो. वाटा मागता येतो. वकील करता येतो. भावाशी दिवाणी दावा चालू असतानाही त्याच्या मुलीच्या लग्नाला जाता येतं.

आणि इथे मला तुमच्या त्या तीन शब्दांवर बोट ठेवायचंय. 'बहीण पुण्याला दिली.' म्हणजे विषय संपला? आपण ख्रिस्ती आहोत. मृत्युपत्र नसेल तर आपल्याला इंडियन सक्सेशन ॲक्ट, १९२५ लागू होतो. या कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा आहे. लग्न झालंय की नाही याचा संबंध नाही. विधवा हयात असेल तर तिला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांत समान. तुमचे आईवडील दोघंही गेलेत, म्हणजे मृत्युपत्र नसेल आणि तुम्ही तिघंच असाल तर घराचे तीन सारखे भाग. तुम्ही दोघं भाऊ गेली तीन वर्षं अर्ध्या-अर्ध्यावरून भांडताय, आणि त्या दोन्ही अर्ध्यांत बहिणीचा भाग आहे. 'तिनं मागितलं नाही' हे उत्तर नका देऊ. बहिणी का मागत नाहीत हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून.

इब्रीकरांच्या पाचव्या अध्यायात जड अन्न कुणासाठी, तर चांगलं आणि वाईट ओळखण्याचा ज्यांना वहिवाटीनं सराव झालाय त्यांच्यासाठी, असं लिहिलंय. वहिवाट म्हणजे रोज त्याच वाटेनं चालणं. तुमच्यासाठी सध्या ती वाट सिडकोहून शरणपूरला जाते.

जायचं कसं? आधी बहिणीला फोन करा. घराचा विषय काढा आणि म्हणा, तुझा वाटा आम्ही धरलाच नव्हता, चुकलं. ती बहुधा 'मला काही नको रे दादा' म्हणेल. ते लगेच पदरात पाडून घेऊ नका. तिला वेळ द्या, कागद दाखवा, तिला वाटा सोडायचाच असेल तर स्वतःचा वकील विचारून सोडू दे. मग भावाकडे जा. पहिल्या भेटीत घराबद्दल बोलू नका. पाळकांना नेऊ नका, त्यांना पंच करून तुम्ही जिंकायला आलात असं त्याला वाटेल. वचन सांगू नका. वहिनींच्या हातचा चहा घ्या, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करा, उठा. तो दार लावून घेईल, तेही होऊ शकतं. पौल रोमकरांना 'शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' असं म्हणतो. दुसऱ्याकडून होईल त्याचा हिशेब तुमच्याकडे मागितलेला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, तिघं भावंडं एकत्र बसून, काय विकायचं, काय ठेवायचं, कुणाला किती, ते लेखी करा आणि वाटणीपत्र नोंदवून घ्या. तोंडी समेट पुढच्या पिढीत पुन्हा फुटतात.

हे उत्तर वाचणाऱ्या काही भगिनींसाठी इथेच थांबून सांगते, कारण तुमची पत्रंही माझ्याकडे येतात, आणि त्यांत दुखणं नेमकं उलटं असतं. 'सहन करते, म्हणजे मी प्रौढ होतेय ना?' असं तुम्ही विचारता. नवरा मारतो, पगार दारूत जातो आणि मंडळीतली वडीलधारी माणसं सहनशीलतेचं वचन सांगतात. मार खाणं हे आत्म्याचं फळ नाही. दार उघडून बाहेर पडणं, माहेरी जाणं, पोलिसांत तक्रार देणं यानं तुमची वाढ खुंटत नाही. मी वर भावाकडे जायला सांगितलं ते बरोबरीच्या दोन माणसांच्या अबोल्यासाठी. भीतीच्या घरात परत जायला मी कुणालाही सांगत नाही.

बंधू, तुमच्या पत्नीचं राहिलं. तिला या पत्राबद्दल माहीत आहे का? नसेल तर दाखवा, चारही पानं. आणि एक प्रश्न विचारा: 'घरात आल्यावर मी नक्की काय करतो?' ती सांगेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही. 'पण त्या दिवशी कारखान्यात' असं सुरू करायचं नाही. शास्त्रातलं काही आठवलं तरी गिळायचं. वही आणायची असेल तर तेव्हा आणा आणि ती जे सांगेल ते तारखेखाली लिहा, तिच्याच शब्दांत. एक-दोन गोष्टी अगदी क्षुल्लक निघतील, टीव्हीचा आवाज किंवा ओला टॉवेल. त्या आधी सुधारा, त्या लवकर होतात. महिन्यानं पुन्हा विचारा.

बहिणीला फोन मात्र दिवसपाळीच्या आठवड्यात करा, संध्याकाळी. झोप झालेली असेल.